निव्वळ वजन

जालन्यापासून समुद्र किती लांब
ते मला चलनावरून कळतं:
बंदरापासून दोन रात्री, एक दिवस,
आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांतली लाली.

मी काट्यावर बसतो.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
सतरा वर्षं मी फक्त वजाबाकी केली.

त्या पहाटेच्या गाडीत बोटभर जाडीचे पत्रे होते.
चलनावर 'जुनी नौका, मिश्र भंगार'.
क्रेनवरून मकदूम ओरडला,
"मुनीमजी, लोहे कू फोडां आये!"

पांढरे फोड, तोंडं उघडी, दगडासारखे घट्ट.
आमच्याकडच्या कुठल्या विहिरीत असलं काही धरत नाही.
गयाबाई दाभाडे तीस वर्षं तांबं-पितळ निवडतात,
त्यांनी नखानं एक खरवडला, जिभेला लावला.
"खारट," म्हणाल्या, आणि थुंकल्या नाहीत.

मग ढिगातून एक ताट निघालं.
काठावर खिळ्यानं कोरलेली पाच अक्षरं.
लिपी कुणालाच येईना,
ना मकदूमला, ना बिहारी पोरांना, ना मला.
आपल्यातला होता की पलीकडचा?
गयाबाई म्हणाल्या, "जेवत होता, एवढं दिसतंय."

त्यांचा भाचा अंबादास नौदलात पाणबुड्या होता.
त्याला फोन लावला, फोटो पाठवला.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, लढाईतलं जहाज आहे मावशी.
असलं काढायचं नसतं. बुडाली ती जागाच तिची.
आत माणसं असतात. कपाटं असतात, चपला असतात.
रात्रीच्या अंधारात चोर नांगर टाकून फाडून नेतात,
टनाच्या भावानं.

आणि म्हणाला, जे हाती लागलंय ते हवेत ठेवू नका.
इतकी वर्षं पाण्यानं धरून ठेवलं,
आता वारा लागला की पापुद्रे सुटतील,
वर्षभरात भुगा.
ओलं ठेवा.

ओलं ठेवा!
जालन्यात, वैशाखात,
जिथं नळाला बाराव्या दिवशी पाणी
आणि टँकर आला की हंड्यांच्या आधी भांडणं रांगेत लागतात.

भट्टीला थांबता येत नाही. दुपारी बाकीचं सगळं गेलं.
अकरा टन उजेड.
पुढच्या आठवड्यात त्याच्या सळया झाल्या,
कुणाच्या तरी स्लॅबमध्ये आता ते लोक
छत धरून उभे असतील.

एक तुकडा राहिला. दीड वीत लांब, फोडांसकट.
आणि ताट.
काट्याच्या खोलीमागं निळं पिंप आहे, त्यात.

टँकर आला की गयाबाई घरच्या हंड्यातून
एक तांब्या काढतात, मूठभर जाडं मीठ टाकतात.
वस्तीतल्या बाया हसतात: लोखंडाला पाजतीस काय गं?
गयाबाई हसत नाहीत, चिडतही नाहीत.
झाकणावर वीट ठेवतात.

मी पुरातत्त्वाच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली.
एकाचं उत्तर आलं:
सदर वस्तू जिल्ह्याच्या हद्दीत सापडलेली नसल्याने.
वाक्य तिथंच संपलं होतं.

मालकानं महिनाअखेरी रजिस्टर उलगडलं.
आवक आणि भट्टी यांच्यात तूट, चौदा किलो.
कारणाचा रकाना रिकामा.
त्याच्यासमोर मी पेन उघडलं आणि लिहिलं:
ओलावा.
त्यानं मान हलवली. असते म्हणाला, पावसाळी मालात.
पाऊस पडून सात महिने झाले होते.

परवा झाकण काढलं तर पाणी बोटभर उतरलेलं,
पिंपाच्या आतून मिठाची पांढरी रेघ.
खाली आणखी एक जुनी रेघ, त्याच्याखाली आणखी एक.
गयाबाई वाकून बघत राहिल्या.
मग पदराला हात पुसून मला म्हणाल्या,
"अंबादासला फोन लावा.
ओहोटी कितीची असते म्हणावं तिकडं?"